सारजाबाईनं पाहिलेलं अस्वल

घोंगडी सारजाबाईची होती. लोकर तिच्या मेंढ्यांची, सूत तिनं कातलेलं. ती घोंगडी टेकडीवरच्या वारुळावर पांघरली होती आणि तिचा एक काठ दोन्ही हातांनी जमिनीला दाबून सारजाबाई उकिडवी बसली होती.

"जाऊबाई, जरा दाबून धरा. फटीतनं निसटत्यात," भागूबाई म्हणाली.

भागूबाई तिच्या धाकट्या दिराची बायको. घोंगडीची एकच बाजू उघडी होती आणि तिथं ती बसली होती. पुढ्यात हातभर खड्डा शेणानं गुळगुळीत सारवलेला, त्यात पाण्याचं घमेलं, वर काठीला टांगलेला कंदील. दुपारी पाऊस पडून गेला होता. वारा नव्हता. वारुळाच्या भेगांतून उधईची, म्हणजे वाळवीची, पाखरं निघत होती. तांबूस अंगाची, अंगापेक्षा लांब पंखांची. घोंगडीखालच्या अंधारातून ती उजेडाकडे सरकत, कंदिलाच्या काचेवर आपटत आणि पाण्यात पडत. भागूबाई फडक्यानं ती उपसून टोपलीत टाकत होती. तिचे हात घाई करत नव्हते.

सारजाबाईच्या मानेवरून पाखरं चालत होती. काही चोळीत शिरली. तिला हात सोडता येत नव्हता.

"संपली का गं?"

"आत्ता तर म्होरली आल्यात. बसा अजून."

सारजाबाई बसून राहिली. थोरली सून ती होती. या घरात तिला "बसा" म्हणायचा हक्क फक्त सासूचा होता.

वस्ती कन्नडच्या पुढं, घाटाच्या पायथ्याशी. सगळी मेंढपाळांची घरं. सासू साळूबाईला दोन मुलगे: थोरला मुंजाबा, सारजाबाईचा नवरा, आणि धाकटा मल्हारी, भागूबाईचा. मल्हारी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचा आणि आठवड्यानं घरी यायचा. गेल्या उन्हाळ्यात खुरकतीनं कळप बसवला. मेंढ्यांचे खूर सडले, तोंडं सुजली. घरच्या बहुतेक मेल्या. मुंजाबानं त्या एकेक करून ओढ्यापलीकडं पुरल्या, त्यानंतर त्याचं बोलणं कमी झालं. जगल्या त्या सारजाबाईच्या माहेरून आलेल्या काळ्या मेंढ्या. तिनं त्यांच्या खुरांना चुना लावला, तोंडात बोटानं पातळ आंबील घातली, पिल्लं उचलून पाण्यावर नेली. मेंढीच्या खोकल्यावरून तिला दुखणं कळायचं. पण लोकर उतरायला अजून अवकाश होता, आणि कणगीतली ज्वारी तळाला गेली होती. सांडू नावाचा मेंढ्यांचा व्यापारी दोनदा येऊन कळप बघून गेला होता.

अशा वेळी धाकटीची पाखरं कामाला आली. भागूबाईचं माहेर डोंगरातलं. तिथं पावसाळ्यात उधईची पाखरं धरायची, भाजायची, भाकरीबरोबर खायची रीत होती. लग्न होऊन आली त्या साली तिनं चुलीवर पाखरं भाजली तेव्हा साळूबाईनं नाकाला पदर लावला होता. आता तीच साळूबाई तिच्याबरोबर बाजाराला जात होती. तिथल्या कारखान्यावर डोंगराकडची माणसं कामाला आली होती, ती पाखरं मागून घ्यायची. मग त्यांच्या शेजारच्यांनी चव घेतली. बाजारात माप लावलं की टोपली दुपारच्या आत रिकामी व्हायची आणि परत येताना तिच्यात ज्वारी, मीठ, तेलाची बाटली असायची.

माहेरची रीतही भागूबाईनं सोबत आणली होती. मृगाच्या आधी जी बाई वारुळाभोवती झाडून सारवील, त्या सालापुरतं ते वारूळ तिचं. त्याला हळदकुंकू वाहायचं. त्यातून येईल ते घ्यायचं, पण कुदळ लावायची नाही. वस्तीतल्या बायांनी हे ऐकलं आणि त्यांनीही टेकडीवर आपापली वारुळं सारवली. सगळ्यात मोठं, पुरुषभर उंचीचं वारूळ भागूबाईचं होतं. सारजाबाईनंही एक सारवलं, मेंढ्यांच्या वाड्यामागचं. त्यातून सगळ्या पावसाळ्यात ओंजळभर पाखरं निघाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भागूबाईनं खापरावर पाखरं भाजली. भुईमूग भाजल्यासारखा वास वस्तीभर गेला. पंख जळून उडत होते. सारजाबाई सूप घेऊन पाखडत होती. पंखांचा भुगा तिच्या भुवयांवर, ओठांवर बसला.

साळूबाईनं गरम मूठभर पाखरं तोंडात टाकली. "भागे, आज मीठ बराबर पडलंय."

"तुमीच शिकवलं, आत्याबाई."

"म्या कशाची शिकवती? तुझा हात हाय तो."

मुंजाबा दाराशी बसून खात होता. तोही म्हणाला, "लई झाक लागतंय."

सारजाबाईनं सूप जोरानं आपटलं. नवऱ्यानं तिच्या हातच्या कशाला कधी झाक म्हटलेलं तिला आठवेना.

"सांडू पुन्हा येणार म्हंतो," साळूबाई म्हणाली. "म्या सांगितलं, दिवाळीपस्तोर थांब. पाखरांवर घर चालतंय तवर मेंढ्या कामून इकायच्या?"

भागूबाई हसली. "बगा जाऊबाई, तुमच्या मेंढ्या माझ्या पाखरांवर जगायल्यात. त्यान्ला सांगा, मला बगून बें करत जा."

साळूबाई हसली. मुंजाबाही हसला. कितीतरी दिवसांनी हसला.

सारजाबाई उठली. ती वाड्यात गेली आणि एका मेंढीचा पाय उचलून बरा झालेला खूर उगाच दाबून पाहू लागली.

बाजाराला ती एकदाच गेली होती. साळूबाईच्या गुडघ्यात कळ आली म्हणून. गिऱ्हाइकं टोपलीपुढं वाकत होती आणि विचारत होती, "भागूबाई कुठंय?" भागूबाई जवळच तेल घ्यायला गेली होती. एक कारखान्यावरची बाई सारजाबाईला म्हणाली, "तुमी तिच्या कामाला व्हय? मग माप तिलाच घालू द्या." सारजाबाईनं भरलेलं माप परत टोपलीत ओतलं होतं.

बाजारच्या आदल्या दिवशी दोघी भाकरी थापत असताना सारजाबाईनं सहज विचारावं तसं विचारलं, "तुज्याच वारुळातनं कामून इतकी निघत्यात गं? माजं बी तर वारूळच हाय."

"तुमच्यात राणी कवळी असंल."

"राणी?"

"आत एक असती. बोटायेवढी, पांढरी. सगळ्या तिच्यापायी ऱ्हात्यात. ती हाय तवर घर हाय."

सारजाबाईच्या हातातली भाकरी थांबली, मग पुन्हा फिरू लागली. तिला समजलं, आणि ते तिच्या पद्धतीनं समजलं. कळप न्यायचा तर सगळ्या मेंढ्या ओढायच्या नसतात. म्होरकी धरायची. म्होरकीच्या गळ्यात दोरी घालून चालू लागलं की बाकीच्या आपोआप मागं येतात, नदी असो की घाट. तिनं लहानपणापासून हेच पाहिलं होतं.

बाजारच्या दिवशी साळूबाई आणि भागूबाई सकाळच्या एसटीनं गेल्या. मुंजाबा मेंढ्या घेऊन ओढ्याकडं गेला. सारजाबाईनं कुदळ घेतली, खुरपं कमरेला खोवलं आणि टेकडी चढली.

वारूळ बाहेरून वाळल्या विटेसारखं टणक होतं. पहिले घाव उसळले. हाताला झिणझिण्या आल्या. मग एक ढेकूळ निखळलं आणि आत ओली, भुसभुशीत माती लागली. तिच्याखाली पोकळ्या, पोकळ्यांत राखाडी जाळीदार गोळे, मधाच्या पोळ्यासारखे. पांढरे किडे सैरावैरा धावत होते, काही तिच्या बोटांना डसले. ती कमरेइतकी आत वाकली. घाम डोळ्यांत गेला. हळदकुंकवाचा वाळलेला डाग असलेला तुकडा कुदळीखाली आला तेव्हा ती क्षणभर थांबली. मग तो बाजूला ठेवून तिनं पुन्हा घाव घातला.

तळाशी भाकरीएवढी कडक, चपटी खोली सापडली. खुरप्यानं तिचं झाकण उचकटलं. आत राणी होती. करंगळीहून जाड, पांढरट, अंगावर तपकिरी पट्टे. ती हलत नव्हती, फक्त तिचं पोट लाटेसारखं वर-खाली होत होतं. सारजाबाईला किळस आली नाही. व्यायला आलेली मेंढी तिनं कितीदा हातात घेतली होती.

ओल्या मातीसकट तिनं ती पळसाच्या पानात गुंडाळली. वाड्यामागं येऊन आपल्या वारुळाला खुरप्यानं भोक पाडलं, राणी आत सरकवली, भोक चिखलानं लिंपलं. हात धुतले. कुदळ जागेवर ठेवली. मग उंबऱ्यावर बसून ती टेकडीकडं पाहत राहिली. रांग लागेल, अशी तिची कल्पना होती. पांढऱ्या किड्यांची रांग टेकडी उतरून, ओढ्याच्या कडेनं, तिच्या वारुळापर्यंत.

संध्याकाळी ढग भरून आले. भागूबाई बाजारातून आली ती टोपली टाकून कंदील घेऊन टेकडीवर गेली, आणि तशीच परत आली. तिच्या मागं पुंजाराम होता. शेजारच्या वस्तीतला शेतकरी, टेकडीखाली त्याचं मक्याचं रान.

"साळूबाई, तुमचं वारूळ फोडलंय," पुंजाराम म्हणाला. "अस्वलाचं काम हाय. उधईसाठी असंच उकरतंय ते. गौताळ्याच्या जंगलातनं उतरलं असंल."

बाया गोळा झाल्या. भागूबाईच्या हातात मातीचं एक ढेकूळ होतं आणि ती त्याच्या कडेवरून अंगठा फिरवत होती. मग तिनं मान वर करून सारजाबाईकडं पाहिलं.

ती नजर सारजाबाईला सोसवली नाही.

"म्या बगितलं," ती म्हणाली.

सगळ्यांची तोंडं तिच्याकडं वळली.

"काय बगितलं?" साळूबाईनं विचारलं.

"अस्वल. दुपारी. म्या सरपणाला गेलते. काळं. केसाळ. वारुळात तोंड घालून बसलं व्हतं."

"आगं मग वरडायचं न्हाय का!"

"कुणाला वरडू? तुमी बाजारात, हे वढ्याला. म्या तशीच मागं मागं सरले. पाठ दाखवली न्हाय."

"शाबास," पुंजाराम म्हणाला. "पाठ दाखवली असती तर खेळ खलास व्हता."

"छातीवर पांढरा पट्टा व्हता का?" एका बाईनं विचारलं.

"व्हता तर."

साळूबाईनं तिला हाताला धरून आत नेलं. चूल पेटवली. त्या दिवशी घरात पहिला चहा सारजाबाईला मिळाला, गूळ जास्त घातलेला. मुंजाबा ओढ्यावरून आला, त्याला बाहेरच बातमी कळली होती. त्यानं बायकोकडं नीट पाहिलं, डोक्यापासून पायापर्यंत, जसा तो दुखण्यातून उठलेल्या मेंढीकडं पाही. "तुला लागलं न्हाय ना?" त्यानं विचारलं. सारजाबाईनं मान हलवली. तिला रडू आलं, आणि ते खोटं नव्हतं.

दोन दिवसांनी पुन्हा पाऊस झाला. सारजाबाईनं आपल्या वारुळापुढं कंदील लावला. कंदिलावर चिलटं आली, एक बेडूक आला. पाखरू एकही निघालं नाही. सकाळी तिनं लिंपलेलं भोक उघडलं. राणीचं नुसतं सुरकुतलेलं कातडं राहिलं होतं. तिच्याच जातीच्या किड्यांनी तिला फाडलं होतं. टेकडीवरच्या फुटक्या वारुळात काळ्या मुंग्या शिरल्या होत्या. रांग होती. पांढरे किडे तोंडात धरून टेकडी उतरणारी मुंग्यांची लांब रांग.

पण वस्तीत सारजाबाईचा भाव चढला होता. संध्याकाळी पारावर माणसं जमली की तिला बोलावणं यायचं. पुंजारामानं काठ्या-कुऱ्हाडी घेऊन चार गडी टेकडीवर नेले, त्यांना एक पाऊलखूण सापडली. ती अस्वलाची असल्याचं त्यानंच सांगितलं. दरवेळी अस्वल थोडं वाढायचं. आधी ते बसलेलं होतं, मग मागच्या पायांवर उभं राहिलं, मग त्यानं तिच्याकडं पाहून फुसकारा टाकला. एका संध्याकाळी बाया डोळे विस्फारून ऐकत होत्या, भागूबाईही कडेला उभी होती, आणि सारजाबाईला आणखी काही तरी सांगावंसं वाटलं.

"पिल्लू बी व्हतं," ती म्हणाली. "पाठीवर बसलेलं."

"अगं बया!"

पुंजारामानं मांडीवर थाप मारली. "पिलावाली मादी हाय म्हंजी ती सीझनभर हालायची न्हाय. आन् मानूस दिसला की सोडायची न्हाय. बायांनो, टेकडी बंद."

साळूबाईनं तिथल्या तिथं दोन्ही सुनांना बजावलं. "पावसाळा सरंस्तोर टेकडीवर पाय ठिवायचा न्हाय. पाखरं गेली चुलीत. म्या सून अस्वलाला घालायची न्हाय."

वस्तीतल्या इतर बायांनीही कान पकडले. भागूबाईनं टेकडीवर आणखी दोन वारुळं सारवलेली होती. पाऊस पडला की तिथून पाखरं धुरासारखी उठायची, वस्तीतून दिसायची. कावळे आणि घारी त्यांच्यावर तुटून पडत. भागूबाई अंगणात उभी राहून पाहायची आणि आत जायची.

ओढ्यावर धुणं धुताना ती एकदा सारजाबाईशेजारी येऊन बसली. आजूबाजूला कोणी नव्हतं.

"अस्वल नखानं उकरतं, जाऊबाई. मातीला चरे पडत्यात. माझ्या वारुळाची माती सपाट कापलेली व्हती. कुदळीच्या पात्यानं."

सारजाबाई लुगडं पिळत राहिली.

"तुमच्या वारुळाला नवा चिखल लागलाय. ते बी बगितलं म्या."

"मग सांग की आत्याबाईला."

"म्या सांगितलं तर म्हंत्याल, धाकटी जळती थोरलीवर. चार लोकं तुमचं ऐकाया लागली म्हनून." भागूबाईनं धोपटणं खाली ठेवलं. "तुमीच सांगा. तुमच्या तोंडानं. चार शिव्या खाताल, मग मिटंल. म्या लगेच टेकडीवर जाते. माझी दोन वारुळं अजून हाईत."

"आन् मग तूच मोठी व्हनार."

"म्या कशाची मोठी? म्या तर रोज भितीच, पावसाळा सरला की मला कोन इचारंल. तुमच्या मेंढ्या बाराही म्हैने बें करत्यात."

सारजाबाईनं तिच्याकडं पाहिलं. यात टोमणा आहे का, ते ती शोधत होती. टोमणा सापडला नाही, म्हणून तिला जास्तच राग आला.

ज्वारी संपली त्या दिवशी साळूबाईनं कणगी उलटी करून झटकली. मल्हारीची खडीची मजुरी आठवडाभर पुरेना. दोन वेळचं जेवण एक वेळेवर आलं. मुंजाबा पुन्हा दाराशी गप्प बसू लागला. साळूबाई वाड्यापाशी उभी राहून मेंढ्यांकडं बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "सारजे, सांडूला निरोप धाडलाय. तुझ्या म्हायेरच्या हाईत, मला ठावं हाय. पर दुसरं काय हाय घरात?"

"दिवाळीपस्तोर म्हनला व्हतात."

"तवा पाखरं व्हती."

सांडू टेंपो घेऊन आला. अंगात पांढरा सदरा, काखेत छत्री. त्यानं मेंढ्यांच्या पाठीवर अंगठा दाबून मांस चाचपलं, दात पाहिले, खूर उचलून पाहिले. "जपल्यात चांगल्या," तो म्हणाला. "कुणी जपल्या?"

"थोरलीनं," साळूबाई म्हणाली. "तिनंच अस्वल बी बगितलं."

"त्या तुमी व्हय?" सांडूनं छत्री दुसऱ्या काखेत घेतली. "कन्नडच्या बाजारात बी बोलत्यात लोक. पिलावाली मादी म्हनं."

सारजाबाई वाड्याच्या फाटकाला धरून उभी होती. टेंपोचं फाळकं खाली पडलं. सांडूच्या पोऱ्यानं पहिली मेंढी शिंगांना धरून ओढली. मेंढी अडली, तिनं चारही पाय जमिनीत रोवले आणि मान वळवून सारजाबाईच्या बाजूला ओरडली. सारजाबाईचा हात फाटकावरून सुटला, मग तिनं फाटक पुन्हा धरलं.

भागूबाई पाठीमागून आली. इतक्या जवळ की तिचा श्वास सारजाबाईच्या कानाला लागला.

"बोला की, जाऊबाई. अजून येळ हाय. अस्वल नव्हतं येवढंच म्हना. कुदळीचं नाव बी काढू नका. नजरंची चूक झाली म्हना. म्या आज सांजच्याला टेकडीवर जाते, ढग बगा कसं आल्यात. मेंढ्या ऱ्हात्याल."

सारजाबाईनं मागं वळून पाहिलं. भागूबाईच्या चेहऱ्यावर काळजी होती. मेंढ्यांची काळजी, तिच्या मेंढ्यांची. ती खरी होती. उद्या मेंढ्या राहिल्या तर त्या भागूबाईमुळं राहतील. आत्याबाई तसं म्हणतील, मुंजाबा तसं म्हणेल, बाजारातही तसंच बोलतील.

तेवढ्यात साळूबाईनं तिकडून हाक दिली, "काय कुजबुजताय गं दोघी?"

भागूबाई मोठ्यानं म्हणाली, "आत्याबाई, जाऊबाईन्ला काय तरी सांगायचंय. अस्वलाचं."

सांडू थांबला. पोऱ्याचा हात शिंगावर थांबला. मुंजाबानं दाराशी बसल्या जागेवरून मान उचलली. सगळे सारजाबाईकडं पाहत होते.

तिनं पदर डोक्यावर सारखा केला.

"काय न्हाय," ती म्हणाली. "भागी इचारत व्हती, केवढं व्हतं म्हनून."

"केवढं व्हतं?" सांडूनं विचारलं.

सारजाबाईनं हात उचलला, आधी खांद्याएवढा, मग डोक्याच्याही वर.

"येवढं," ती म्हणाली.

पोऱ्यानं मेंढी आत ढकलली. फाळक्याच्या पत्र्यावर तिचे खूर घसरले आणि मग उरलेल्या सगळ्या तिच्या मागं चढू लागल्या.